नकाशाची नक्कल



राहात्यात बसून समुद्राचा नकाशा उलगडावा, हे थोडे विचित्रच. येथे दिसतो तो पाट आणि पेरूच्या बागा. पण नकाशाची नक्कल म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. बांधाचा तंटा निघाला की ती ट्रंकेतून बाहेर येतेच.

आम्ही दुसऱ्या महायुद्धातील बेटांवरच्या लढायांचे लष्करी नकाशे जमवतो. अस्सल नव्हेत, ते आमच्या ऐपतीबाहेरचे. छापलेल्या नकला. ‘नकलेत काय ठेवले आहे?’ असे स्नेही विचारतात, आणि एकदा आम्हालाही तसेच वाटले होते.

हा पाहा बेटियोचा नकाशा. पॅसिफिक महासागरातील टारावा या प्रवाळी बेटांच्या कड्यातले हे एक बेट, जेमतेम तीन किलोमीटर लांब. त्यावर चौकोनांची जाळी आखली आहे. किनाऱ्यावरच्याने चौकोनाचा आकडा कळवायचा आणि जहाजावरच्या तोफेने तेथे गोळा टाकायचा. आमची पहिली प्रत मोठी सुबक होती. समुद्र एकसारखा निळा. दुसरी प्रत हाती आली तेव्हा कळले, की शोभेसाठी पहिलीतून बेटाभोवतीची खडकाची कडच पुसली होती. विकणाऱ्याला ती रेघ म्हणजे डाग वाटली असावी!

आणि लढाई तर त्या रेघेवरच झाली. २० नोव्हेंबर १९४३ रोजी अमेरिकन सैन्य उतरू लागले. होड्यांना सुमारे चार फूट पाणी हवे होते. खडकावर तीन फुटांहून अधिक मिळेना. खडक ओलांडू शकणारी पट्ट्यांची वाहने थोडी होती. बाकीचे सैनिक मशीनगनच्या माऱ्यात शेकडो यार्ड पाण्यातून चालत गेले. ७६ तासांत सुमारे एक हजार अमेरिकन पडले. बेटावरच्या साडेचार हजारांहून अधिक जपानी सैनिक व कोरियन मजुरांपैकी दीडशेसुद्धा वाचले नाहीत. त्या बेटांत राहिलेले मेजर हॉलंड आधीच बजावत होते, की भांगाच्या भरतीला पाणी पुरणार नाही. खडक नकाशावर होता. त्यावर त्या सकाळी पाणी किती, हे नकाशा सांगत नव्हता. पाटाची रेघ नकाशावर बारा महिने असते, पाणी आवर्तनापुरते. हे येथे कोणाला पटणार नाही?

मग आम्ही घरचे बेट काढले, थळच्या किनाऱ्यासमोरचे खांदेरी. १६७९ साली शिवाजी महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडारी तेथे तट बांधू लागला आणि मुंबईच्या इंग्रजांनी जहाजांचा वेढा घातला. १८ ऑक्टोबरच्या लढाईत मराठ्यांनी ‘डव्ह’ ही गुराब पकडली; पण ‘रिव्हेंज’पुढे आरमाराला हटावेही लागले. हे लपवण्याचे कारण नाही. पाहण्यासारखे आहे ते हटले कोठे! नागोठण्याच्या खाडीत, उथळ पाण्यात, जेथे मोठ्या जहाजाचा तळ टेकतो. रात्री हलक्या होड्या पुन्हा रसद घेऊन बेटाकडे निघत. पुढच्या वर्षारंभी इंग्रजांनी वेढा उठवला. बेट मराठ्यांकडेच राहिले. मुंबई बंदराच्या आजच्या सागरी नकाशाच्या नकलेवर खांदेरीपासून नागोठण्याच्या खाडीपर्यंत पाण्याच्या खोलीचे आकडे वाचत बोट फिरवले, म्हणजे हा सगळा पाठलाग नजरेसमोर उभा राहतो.

दोन्ही नकाशे टेबलावर ठेवतो. खडकाची कड आम्ही तांबड्या पेन्सिलीने ठळक केली आहे. घडीवर मात्र जोर देऊ नका. कागद तेथे विरला आहे.