नाटककाराचा वाटा: ग्लोबपासून गंधर्व मंडळीपर्यंत
(व्याख्यानाचा संपादित भाग)



ठाण्यात नाटकावर बोलायचं म्हणजे मासुंदा तलावाकाठच्या राम गणेश गडकरी रंगायतनाचं नाव येणारच. १९७८ पासून हे नाट्यगृह उभं आहे. मालकी महापालिकेची, नाव नाटककाराचं. माझा आजचा प्रश्न मात्र नावाचा नाही, हिशेबाचा आहे. नाटक चाललं, गल्ला भरला, तर त्यातलं काय नाटककाराच्या घरी जातं, आणि कोणत्या हक्काने?

आधी लंडनला जाऊ. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तिथे एका नाटकाचे लेखकाला साधारण सहा पौंड मिळत. रोझ नाट्यगृहाचा मालक फिलिप हेन्स्लो याच्या वहीत अशा नोंदी आहेत. पैसे घेतले की संहिता मंडळीची. मग प्रयोग कितीही होवोत, लेखकाचा संबंध संपला. टॉमस डेकर हा तेव्हाचा लोकप्रिय आणि भरपूर लिहिणारा नाटककार, पण कर्जापायी त्याला तुरुंगात जावं लागलं.

शेक्सपिअरची वाट वेगळी होती. १५९४ च्या सुमारास तो लॉर्ड चेंबरलेनच्या मंडळीत हिस्सेदार झाला, म्हणजे पगारी नट राहिला नाही, मंडळीच्या नफ्यातोट्यात आला. पाच वर्षांनी तो नाट्यगृहाच्या मालकीतही शिरला. त्याची गोष्ट मजेशीर आहे. ही मंडळी जिथे प्रयोग करी त्या, जेम्स बर्बेजने १५७६ मध्ये बांधलेल्या ‘द थिएटर’ची जागा भाडेपट्ट्याची होती. मुदत संपली आणि जमीनमालकाशी भांडण लागलं. तेव्हा १५९८ च्या डिसेंबरात बर्बेजच्या मुलांनी इमारतीचं लाकूड उतरवलं, ते थेम्सपलीकडे गेलं, आणि त्यातून १५९९ मध्ये ‘ग्लोब’ उभं राहिलं. भांडवल अपुरं होतं म्हणून मंडळीतल्या पाच जणांना सोबत घेतलं. निम्मी मालकी बर्बेज बंधूंची, निम्मी या पाचांची. त्यातला एक शेक्सपिअर, म्हणजे त्याचा वाटा एक दशांश. रोजच्या गल्ल्यातून सज्ज्यांच्या उत्पन्नाचा अर्धा भाग इमारतीच्या मालकांना जाई. उरलेला अर्धा आणि खाली उभ्याने पाहणाऱ्यांचा एकेक पेनी मंडळीला.

म्हणजे एकाच प्रयोगातून शेक्सपिअरला दोन वाटांनी पैसा येत होता, मंडळीचा हिस्सेदार म्हणून आणि इमारतीचा मालक म्हणून. १६०५ मध्ये त्याने गावाकडे, स्ट्रॅटफर्डला, धर्मकराच्या उत्पन्नाचा हक्क घ्यायला ४४० पौंड मोजले. नुसत्या संहिता विकून ही रक्कम जमवायची तर सत्तरच्या वर नाटकं लिहावी लागली असती.

आता आपल्याकडे पाहू. मराठी नाटकाची सुरुवात नाटककार-मालकापासूनच झाली. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ झालं ते संस्थानिकांच्या आश्रयाने. आश्रयदाते चिंतामणराव पटवर्धन १८५१ मध्ये वारले. मग भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावं लागलं आणि नाटकाने तिकिटावर जगायला सुरुवात केली. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ केलं. लेखक तेच, तालीममास्तर तेच, मंडळीही त्यांचीच. पण १८८५ मध्ये ते गेले आणि मंडळी भाऊराव कोल्हटकरांसारख्या नटांच्या हाती आली. किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’ने पुढे कित्येक वर्षं मंडळ्या पोसल्या.

इथून आपली वाट फुटते. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. भागीदार तिघे: बालगंधर्व, गणपतराव बोडस, गोविंदराव टेंबे. दोघे नामवंत नट, तिसरे ‘मानापमान’ला चाली देणारे. मंडळी चालली देवल, खाडिलकर, गडकरी यांच्या नाटकांवर, पण भागीदारीच्या कागदावर या तिघांपैकी एकाचंही नाव नव्हतं. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये सावनेरला वारले आणि त्यांचं ‘एकच प्याला’ त्यानंतर महिन्याभरात बडोद्यात रंगमंचावर आलं.

नाटककार भागीदारीबाहेर का राहिले? नटांचा लोभ, एवढंच उत्तर देणं अन्यायाचं होईल. शेक्सपिअरची मंडळी एका मोठ्या शहरात ठाण मांडून होती, म्हणून तिला इमारतीत पैसा घालणं परवडलं. आपल्या मंडळ्या फिरत्या. आज पुणे, मग हुबळी, मग नागपूर, मग इंदूर. सामान, पोशाख, पंगत, रेल्वेभाडं, आणि मुक्कामाच्या गावी दुसऱ्याच्या थिएटरचं भाडं. प्रेक्षक बालगंधर्वांच्या नावावर तिकीट काढत. गल्ला ज्याच्या नावावर जमतो, भागीदारी त्याच्याभोवती जमते.

आणि जोखीमही त्याच्याच माथी. १६१३ मध्ये ग्लोब जळलं, तेव्हा नव्याने बांधायचा खर्च वाटेकऱ्यांवर पडला. गंधर्व मंडळी कर्जात बुडाली, तेव्हा देणेकरी बालगंधर्वांच्या दारात आले, नाटककारांच्या नव्हे. वाटा हवा तर जोखीमही घ्यावी लागते, हे नाटककार मो. ग. रांगणेकरांनी ओळखलं. १९४१ मध्ये त्यांनी ‘नाट्यनिकेतन’ काढली आणि ‘कुलवधू’सारखी नाटकं स्वतः लिहून स्वतःच्या संस्थेतून आणली. यश त्यांचं, तसा खड्डाही त्यांचाच.

आज नाट्यगृह बहुधा महापालिकेचं असतं, निर्माता ते भाड्याने घेतो आणि लेखकाला प्रयोगामागे ठरलेलं मानधन देतो. ही व्यवस्था हेन्स्लोच्या सहा पौंडांपेक्षा निश्चित बरी, कारण प्रयोग वाढले की लेखकाचे पैसे वाढतात. पण मानधन म्हणजे मालकी नव्हे. नाटक किती दिवस चालवायचं, दौरा कुठे न्यायचा, तिकीट किती ठेवायचं, यात लेखकाला मत नसतं.

ठाणे-डोंबिवलीत एकांकिका करणारे तरुण गट आहेत. उद्या ते व्यावसायिक रंगभूमीवर येतील. त्यांना माझं सांगणं एवढंच, की पहिल्याच नाटकाच्या वेळी कागद करा आणि त्यावर लेखकाला भागीदार म्हणून घ्या. लेखकांनाही सांगतो, नफ्यातला वाटा मागताना तोट्याच्या रकान्यासमोरही सही करा. शेक्सपिअरने ती केली होती.