सुट्टीचा हिशोब उचलीच्या दिवशीच

पाटोद्याहून आम्ही बोलतोय, बचत गटांचं काम बघणाऱ्या तुमच्याच बाया. नागपंचमी झाली, पोळा तोंडावर आलाय. मुकादम गावोगाव फिरायला लागलेत आणि घराघरांत उचलीचं बोलणं सुरू झालंय. म्हणूनच आज शाळेच्या सुट्टीवर बोलायचं ठरवलं. तुम्ही म्हणाल, मुकादमाचा आणि लेकरांच्या सुट्टीचा काय संबंध? आहे, आणि फार जवळचा आहे.

शाळेचं वर्ष कसं चालतं ते आपल्याला पाठ आहे. जूनच्या मध्यात शाळा भरते, दिवाळीच्या आधी पहिल्या सत्राची परीक्षा, मग सुट्टी, मग एप्रिलात वार्षिक परीक्षा. आपलं वर्ष मात्र वेगळं चालतं. सावरगाव घाटावरची दसऱ्याची गर्दी पांगली की बोचकी बांधायला घ्यायची, दिवाळीच्या आगेमागे गाडीत बसायचं आणि कारखान्याचा पट्टा पडला की परत यायचं. ही दोन वर्षं एकमेकांना कधी जुळतात, कधी नाही.

यंदा जुळायची नाहीत, असं आम्हाला दिसतंय. अधिक महिना आला, त्यामुळे दिवाळी लांबली. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. आठवून बघा, 2023 सालीही अधिक महिना होता. तेव्हा गाळप 1 नोव्हेंबरला सुरू झालं आणि दिवाळी आली 12 नोव्हेंबरला. कितीजणींनी ती दिवाळी कोपीतच केली! पुढच्या साली, 2024 ला, दिवाळी लवकर होती आणि गाळप 15 नोव्हेंबरला, तेव्हा परीक्षा, फराळ, भाऊबीज सगळं घरी झालं. अधिक महिन्याने दिवाळी लांबते, पण कारखाना काही तिच्यासाठी थांबत नाही. यंदाची तारीख सरकारची समिती जाहीर करेल तेव्हा करेल, पण आपण तोवर थांबलो तर उशीर होईल.

कारण निघायची तारीख आपण दिवाळीत ठरवतच नाही. ती ठरते उचल घेतो त्या दिवशी. पैसा हातात पडला की मुकादम म्हणेल तेव्हा गाडीत बसावं लागतं, मग पोराचा गणिताचा पेपर उद्या का असेना. गेल्या वर्षी गटातली एक ताई म्हणाली, "मी सांगितलं असतं दोन दिवस थांबा, पण कुठल्या तोंडानं सांगू?" खरं आहे तिचं. पैसे घेतल्यावर तोंड राहत नाही, म्हणून बोलायचं ते पैसे घ्यायच्या आधी. शाळेत जाऊन सरांना किंवा बाईंना विचारा, पहिल्या सत्राचा शेवटचा पेपर कधी आहे. ती तारीख मुकादमाला उचलीच्या वेळीच सांगा, चार माणसांसमोर सांगा. एकटीने सांगितलं तर तो हसेल. एका टोळीतल्या सहा-सात जणींनी मिळून सांगितलं तर ऐकेल, निदान ऐकून तरी घेईल.

उचल जितकी मोठी, तितकं आपलं बोलणं लहान, हेही आम्ही पाहिलंय. गटातल्या एका ताईला जूनमध्ये वह्या-पुस्तकं आणि सासूबाईंच्या औषधांसाठी वीस हजार हवे होते. ती मुकादमाकडेच निघाली होती. गटाने अंतर्गत कर्जातून बारा दिले, आठ तिने उचलीत घेतले. फार मोठी गोष्ट नाही, पण मुकादमासमोर ती ताठ बोलली, एवढं खरं.

आता ज्या गोष्टीसाठी हे भाषण आहे ती सांगतो. लेकरू आजीजवळ ठेवलं, शाळा नीट चालली, म्हणून आपण निर्धास्त होतो. मग दिवाळीची सुट्टी येते. लेकराला आईची आठवण येते, आईलाही येते. कुणी तिकडे निघालं असेल त्याच्या सोबत लेकराला धाडून देतो. सुट्टी असते साधारण दोन आठवड्यांची. तिथे गेल्यावर ते धाकट्याला सांभाळतं, पाणी आणतं, वाढे बांधू लागतं. आईलाही हाताखाली बरं वाटतं, खोटं कशाला बोला. सुट्टी संपते आणि परत कोण सोडणार? बापाने सोडायचं तर कोयता बंद, वर खाड्याचा दंड. "पुढच्या आठवड्यात बघू," म्हणता म्हणता संक्रांत येते. आमच्या माहितीतली एक पोरगी चौथीत अशी भेटायला म्हणून गेली आणि एप्रिलात परत आली. पुढच्या वर्षी वर्गात बसायला लाजायची. शाळा सुटते ती बऱ्याचदा अशी, कुणी सोडायचं ठरवलेलं नसतं.

म्हणून आमच्या गटांनी गेल्या साली एक केलं. भेटायला जाणाऱ्या लेकरांची परतीची तारीख आणि परत आणणारं माणूस आधी ठरवलं, मगच त्यांना पाठवलं. पाच लेकरं, एकाच भागातली. गावातलीच एक आजी त्यांना घेऊन गेली आणि घेऊन आली. एसटीत बायांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट 2022 पासून काहीच लागत नाही, पाच ते बारा वर्षांच्या लेकरांचं अर्धं. आधार कार्ड मात्र जवळ ठेवा. आणि थळ कर्नाटकात असेल तर ही बायांची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे, पुढचे पैसे वेगळे धरा. खर्च गटाने आणि आईबापांनी वाटून घेतला. पाचपैकी चार परत आली. पाचव्याच्या आईने सोडलं नाही, तिचं बाळ आजारी होतं. तिला आम्ही बोल लावला नाही.

लेकरू गावात ठेवायचं तर शाळेत हंगामी वसतिगृहाची चौकशी निघण्याआधी करा, नाव नोंदवा. आपण गेल्यावर आजी कुठे कुठे धावणार? रेशनचं धान्य आता बाहेरगावच्या दुकानातही उचलता येतं, पण सगळं तिकडेच उचलू नका, आजी-लेकरांच्या वाट्याचं इकडे राहू द्या. आणि लेकरू सोबतच न्यायचं असेल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या. एका ताईला तिकडच्या शाळेने दाखल्यावाचून परत पाठवलं होतं. ती गप्प परत आली, कारण तिला माहीत नव्हतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हे वाक्य पाठ करून ठेवा.

मोठ्या पोरींचं जरा वेगळं आहे. सातवी-आठवीची पोर मागे कुणाजवळ ठेवायची, ही काळजी खोटी नाही. पण त्या काळजीपोटी तुळशीचं लग्न लागलं की घाईने तिचंही उरकायचं, हे आम्ही पाहिलंय आणि तिच्या कोयत्याची पहिली उचलही पाहिलीय. तिच्यासाठी वसतिगृहाची जागा मिळते का ते पंचायत समितीत आत्ताच विचारा. कुठे घाईचं लग्न ठरत असेल तर 1098 हा नंबर आहे, फोन फुकट लागतो. आमच्यातल्या एकीने बी.ए. केलं ते आजीने तिला फडात जाऊ दिलं नाही म्हणून. ती आजी भांडकुदळ होती, बरं झालं.

शेवटचं, परतीचं. पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेत आता नापास करता येतं, तेव्हा ती बुडवून चालत नाही. 2025 साली पहिली ते नववीच्या परीक्षा 25 एप्रिलपर्यंत चालल्या. दहावीची मात्र त्या साली 21 फेब्रुवारीलाच सुरू झाली, म्हणजे ऐन तोडणीत. ज्यांच्या घरी दहावीचं लेकरू आहे त्यांनी त्या दिवसांत घरी कोण असेल हे आजच ठरवा. मावशी असो, मामी असो, नाहीतर गटातली कुणी.

पुढच्या बैठकीला येताना घरचं कॅलेंडर घेऊन या. शाळेतून पेपरच्या तारखा आणायचं काम प्रत्येक गावात एकीने घ्यायचंय. आणि त्या बैठकीआधी कुणी उचलीवर अंगठा देणार असेल, तर आदल्या दिवशी आम्हाला एक फोन करा.