विद्यार्थी आणि समाजसेवा



महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तेव्हा तिच्यात ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थी होते. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे शिबिर, असा तिचा नियम आहे.

तास वहीत भरतात, प्रमाणपत्रही मिळते. पण शिबिरात खणलेला शोषखड्डा पुढच्या पावसाळ्यात गाळाने बुजला का, हे पाहायला कोण जातो? यात आम्ही वडीलधारी मंडळीही दोषी आहोत. मुलांच्या हाती झाडू दिला, फोटो काढला. वस्तीतल्या आयाबायांना काय हवे, हे विचारायला शिकविले नाही.

मित्रांनो, आधी विचारा, मग कुदळ उचला. काम झाल्यावर एकत्र बसा. गटार का तुंबते? नळाला पाणी का येत नाही? अर्ज कोणाकडे द्यायचा? पाण्याचा प्रश्न हा हक्काचा प्रश्न असतो, हे १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी आपल्याला शिकविले आहे.

आणि सहा महिन्यांनी त्याच वस्तीत पुन्हा जा. तीच तुमची खरी परीक्षा.

एवढे बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवितो. जयभीम!