फ्रोझन मटार म्हणजे शिळे मटार?

(महिला मंडळाच्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मंडळाने मला हा विषय का दिला, ते सगळ्यांना ठाऊक आहे. संध्याकाळी साडेसातला कामावरून आलेली सून फ्रीझर उघडते आणि सासूबाई म्हणतात, "पुन्हा ते बर्फातलं शिळं?" गृहविज्ञान शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून निवाडा माझ्याकडे आला असावा. तर ऐका.

भाजी तोडली तरी तिचा श्वास चालू असतो. ती स्वतःतलीच साखर खर्च करत राहते. मटारात तर साखरेचं पिष्ट फार लवकर होतं, म्हणून तीन-चार दिवसांची शेंग पिठूळ लागते. शेत, मार्केट यार्ड, भाजीवाला आणि मग आपल्या फ्रीजचा खालचा कप्पा, यात किती दिवस जातात ते मोजा. तिला आपण ताजी म्हणतो, कारण ती शेंगेत असते!

चांगल्या कारखान्यात दाणे काढणीनंतर काही तासांत उकळत्या पाण्यातून काढून, गार करून, झपाट्याने गोठवतात. उकळताना थोडं क जीवनसत्त्व आणि फोलेट जातं, हे खरं. पण नंतर उणे १८ अंशाला पुढची झीज फार मंद होते. प्रथिनं आणि तंतू जवळपास तसेच राहतात. त्यामुळे जानेवारीत शेंगाच आणा, सगळ्यांनी मिळून सोला. मे महिन्यात मात्र लांबून आलेल्या सुकलेल्या महाग शेंगांपेक्षा पाकीट बरं. यात सुनेचा आळस कुठे आला?

पण सासूबाईंचीही बाजू आहे. मेथी, चाकवत, अंबाडी यांना पाकीट हे उत्तर नाही. कोपऱ्यावरच्या मावशींकडची जुडी आणा आणि त्याच दिवशी करा. काकडी-टोमॅटो गोठवले तर बर्फाने पेशी फाटतात, कोशिंबिरीचं पाणी होतं. आणि "फ्रोझन" म्हणून सुट्या पिशवीत मिळणारे भडक हिरवे दाणे घेऊ नका. वाळलेले वाटाणे भिजवून, रंग लावूनही विकतात. बंद पाकीट, त्यावरची तारीख, घटकांत फक्त मटार, एवढं बघा.

खरा घोळ आपल्या घरी होतो. आपल्या जनरेटरवर लिफ्ट आणि पंप चालतो, तुमचा फ्रीज नाही. पाकिटातले दाणे सुटे खुळखुळायला हवेत. एकच गोळा झाला असेल तर ते कुठेतरी वितळून पुन्हा गोठलेत. दुकानातही हीच परीक्षा करा. गावाला जाताना वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं, तर मागे वीज बराच वेळ गेली होती असं समजा आणि फ्रीझरमधलं सगळं टाकून द्या, जीव हळहळला तरी.

हे दाणे कच्चे खायचे नाहीत. गोठवण्याने जंतू मरत नाहीत, ते नुसते थांबतात. २०१८ साली युरोपात गोठवलेल्या मक्यातून लिस्टेरियाची साथ पसरली होती. म्हणून नातवंडांच्या हातावर पाकिटातले दाणे तसेच ठेवू नका. वितळवत न बसता थेट गरम फोडणीत टाका, वाफ नीट येऊ द्या. आधीच अर्धवट शिजलेले असतात, तेव्हा कुकरच्या शिट्ट्या नकोत.

जानेवारीत घरी साठवायचे असतील, तर सोललेले दाणे दीड-दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग पंचावर पूर्ण कोरडे. ताटात पसरून गोठवा आणि नंतरच पिशवीत भरा. लहान पिशव्या करा. एकदा उघडली की संपली पाहिजे.

बाकीचे प्रश्न तिळगूळ घेताना विचारा.