रेडिओ लहरी आणि कामगाराचे शरीर



कामगार चळवळीतल्या माणसाने या व्यासपीठावर पगार-बोनस सोडून रेडिओ लहरींवर बोलावे, याचे आपल्याला नवल वाटेल. मी शाळा लवकर सोडलेला माणूस. पदार्थविज्ञान मला शिकावे लागले ते एका यंत्रापायी.

प्लॅस्टिकच्या फायली, पावसाळी कोट, दवाखान्यातल्या रक्ताच्या पिशव्या यांना दोऱ्याची शिवण नसते. प्लॅस्टिकचे दोन पदर धातूच्या साच्याखाली दाबून त्यांतून रेडिओ लहरींचे विद्युतक्षेत्र सोडतात; काही क्षणांत पदर एकजीव होतात. एका कारखान्यात अशा यंत्रांवर आमच्या भगिनी उभ्याने काम करीत. हात साच्यापासून वीतभर. काहींची तक्रार आली की बोटांना मुंग्या येतात, संध्याकाळी घोटे दुखतात. व्यवस्थापकांनी यंत्राजवळ स्वतःचा हात धरला आणि म्हणाले, "अहो, कोमटसुद्धा लागत नाही!" ते खोटे बोलत नव्हते. पण त्यांचा हात या बाबतीत साक्षीला उभा करण्याजोगा नव्हता. तो का, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आपले शरीर म्हणजे बव्हंशी खारे पाणी. पाण्याच्या प्रत्येक रेणूला एक धन आणि एक ऋण टोक असते. लहरीचे विद्युतक्षेत्र सेकंदाला कोट्यवधी वेळा दिशा बदलते. त्याबरोबर हे रेणू वळू पाहतात, क्षारांचे भारित कण मागेपुढे रेटले जातात, आणि त्या घासाघाशीची उष्णता होते. कंपनसंख्या कमी असेल तर क्षारकणांचा वाटा मोठा, वाढत गेली की पाण्याच्या रेणूंचा. क्ष-किरणांसारखे रेणू फोडण्याचे बळ या लहरींत नाही, हेही सांगून ठेवतो. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हच्या २४५० मेगाहर्ट्‌झ लहरी पाण्याच्या नेमक्या सुरात असतात, असे पुष्कळ जण सांगतात. ते बरोबर नाही. पाण्यातली ही घासाघाशी कळसाला पोचते ती २० हजार मेगाहर्ट्‌झच्या आसपास. तिथे सूर लावला असता तर बटाटा वरून भाजला असता आणि आत कच्चाच राहिला असता.

कारण कंपनसंख्या जितकी जास्त, तितकी लहर कमी खोल जाते. ६० हजार मेगाहर्ट्‌झची लहर त्वचेच्या मिलिमीटरभरातच बहुतेक संपते. १० हजारांची लहर स्नायूत तीनेक मिलिमीटर, २४५० ची सुमारे दोन सेंटिमीटर गेली की तिचा जोर एकतृतीयांशावर येतो. आमच्या यंत्राची कंपनसंख्या २७.१२ मेगाहर्ट्‌झ. ती लहर स्नायूत दहा सेंटिमीटरांहूनही खोल शिरते. आता चटका ओळखणारे मज्जातंतू कुठे असतात? अगदी वरच्या कातडीत. वरवरची लहर लगेच पोळते आणि माणूस हात मागे घेतो. खोल जाणारी लहर आतल्या मांसाला ऊब देते, आणि कातडीला पत्ताही लागत नाही. गुडघ्याच्या दुखण्यावर जो डायथर्मीचा शेक देतात, त्याच्या यंत्रातही बहुधा हेच २७.१२ मेगाहर्ट्‌झ असतात. तिथे वेळ मोजलेला असतो, आणि शेक देणारा स्वतः यंत्रापासून लांब उभा राहतो. आमची भगिनी आठ तास जवळ उभी.

आणखी एक गोष्ट. माणसाचे शरीर एरियलसारखे वागते. जमिनीपासून अलग उभ्या असलेल्या प्रौढ माणसात ७० मेगाहर्ट्‌झच्या आसपास सर्वांत जास्त ऊर्जा शोषली जाते. पाय जमिनीला टेकले की हाच आकडा निम्म्यावर, पस्तिसाच्या आसपास येतो. म्हणजे आमच्या यंत्राच्या शेजारीच! शरीरात उठलेला प्रवाह पायांवाटे जमिनीत उतरतो. घोट्यात हाडे आणि कंडरा फार, प्रवाह सहज वाहू देणारे मांस थोडे. सगळा प्रवाह त्या चिंचोळ्या वाटेने जातो, आणि घोटा तापतो. भगिनींनी घोट्याचे नाव उगीच घेतले नव्हते.

मर्यादा ठरलेल्या आहेत. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर किलोमागे सुमारे १ वॉट उष्णता निर्माण करते. लहरींनी सर्वांगात किलोमागे ४ वॉट घातले, तर शरीराचे तापमान अंशभर वाढू शकते. त्याचा दहावा हिस्सा, ०.४ वॉट, ही कामगारासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा. सर्वसामान्य लोकांसाठी ०.०८. पण ही सर्वांगाची सरासरी झाली. सरासरी ठीक असून घोटा तापलेला असू शकतो, म्हणून १९९८ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत पायातून वाहणाऱ्या प्रवाहालाही वेगळी मर्यादा घातली गेली.

गच्चीवरच्या मोबाइल मनोऱ्याविरुद्धच्या सभांना मला बोलावणे येते. मी जातो. पण अंतर वाढले की लहरींचा जोर झपाट्याने घटतो, आणि त्या मनोऱ्यांची मर्यादा २०१२ साली आपल्या सरकारने आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांशावर आणली. वीतभर अंतरावरच्या यंत्रासाठी मात्र सभा भरलेली मी पाहिली नाही.

आम्ही पगारवाढीच्या मागणीपत्रातच चार गोष्टी घातल्या: साच्याभोवती धातूची पेटी, तिला नीट अर्थिंग, पायांखाली जाड लाकडी फळी, आणि उपकरणाने मोजणी. मोजणीला महिने गेले. त्या दिवशी एका भगिनीच्या घोट्याभोवती प्रवाह मोजणारे कडे बसवले. आधी ती फरशीवर उभी राहिली, मग फळीवर. आकडा उतरलेला व्यवस्थापकांनी स्वतः वाचला. फळ्या त्याच आठवड्यात आल्या. पेट्यांसाठी आणखी एक करार लागला.