मोडक्या पॅकेजाचें नांव कमी करतांना



जमिनीचा मालक मरण पावला, तरी सातबाऱ्यावरील त्याचें नांव आपोआप कमी होत नाहीं. वारसांनीं अर्ज द्यावा, गांवच्या दफ्तरीं फेरफार लिहिला जावा, मंडल अधिकाऱ्यानें तो मंजूर करावा. तोंवर पुढील व्यवहार अडून राहतो. कडेगांवच्या तहसील कचेरींत ज्यानें खेटे घातले, त्यास हें सांगावयास नको. लिनक्स या संगणकप्रणालीचा कारभारही असाच नोंदींवर चालतो.

लिनस टोरव्हाल्ड्स यांनीं १९९१ सालीं तिचा गाभा रचला. १९९३ सालीं त्यावर डेबियन ही प्रणाली उभी राहूं लागली. उबुंटू, तसेंच पुण्यास मुख्य कचेरी असलेल्या सी-डॅक संस्थेची 'बॉस', या दोन्ही डेबियनच्याच शाखा होत. त्यांत प्रत्येक सॉफ्टवेअर 'पॅकेज' म्हणून येतें, आणि कोणतें पॅकेज कोणत्या अवस्थेंत आहे याची वही 'डीपीकेजी' हा कारकून राखतो.

समजा, कडेगांवांतील एखाद्या घरीं मुलाच्या अभ्यासाचा संगणक आहे. पॅकेज बसत असतांच वीज जाते, आणि काम अर्धवट राहतें. पुढें नवें कांहीं बसवूं गेल्यास कारकून हटून बसतो. मग उतावळा गृहस्थ त्या पॅकेजाच्या फायली हातानेंच पुसून टाकतो. येथेंच घात होतो. माणूस गेला, नांव राहिलें! वहींत पॅकेज तसेंच दिसतें, आणि तें काढण्याची कृति ज्या फायलींत होती, त्याही पुष्कळदां नाहींशा झालेल्या असतात.

यास्तव क्रम सोडूं नये. प्रथम मुलाच्या वह्या-कागदांची दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी. मग 'डीपीकेजी --ऑडिट' या आज्ञेनें दोषी कोण तें पाहावें. 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ही आज्ञा अर्धवट काम पुरें करूं पाहते. 'ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' ही उणीव भरून काढूं पाहते. तरीही अडल्यास तेंच पॅकेज पुन्हां नीट बसवावें आणि मग काढावें. हें चमत्कारिक वाटेल. परंतु त्यायोगें काढण्याची हरवलेली कृति परत मिळते. काढतांना ॲप्ट जी यादी दाखवितो, ती वाचल्यावांचून होकार देऊं नये. त्या पॅकेजावर विसंबलेलीं इतर पॅकेजेंही त्याबरोबर जातात. 'फोर्स' ही बळजबरी अगदीं शेवटचा उपाय होय.

'रिमूव्ह' म्हटल्यानें पॅकेज जातें, पण मांडणीच्या फायली उरतात. 'पर्ज' म्हटल्यानें त्याही जातात. अखेरीस पुन्हां एकवार ऑडिट चालवावें. कारकून कांहींच बोलला नाहीं, म्हणजे फेरफार मंजूर झाला असें खुशाल समजावें.