तिवरे राखा, वस्ती राखा



२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यातच भरती आली आणि मिठीकाठच्या वस्त्या बुडाल्या. भरावाने नदी अरुंद झाली होती, काठची तिवरे तुटली होती. एवढा पाऊस तिवरांनी अडवला नसता, हे खरे; पण खाजण मोकळे असते तर पाणी पसरायला जागा मिळाली असती. १९९९ च्या चक्रीवादळात ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यात जिथे तिवरांचा पट्टा रुंद होता, त्या गावांत मृत्यू कमी झाले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिवरांच्या तोडीस मनाई केली. राखण मात्र आपणच करायची आहे, कारण पूर आधी गरिबाच्याच घरात शिरतो. विद्यार्थ्यांनो, खाडीत भराव पडताना दिसला तर गप्प बसू नका. लेखी तक्रार करा आणि पोच घ्या.